बॉनेटवर हात

मे महिन्यात धुळ्यात जुनी गाडी बघू नये,
असं देवचंद मिस्तरी म्हणाला होता. तरी त्याला घेऊन गेले.
देवपुरात, सावली नसलेल्या अंगणात उभी होती:
करडी, डिझेलची, साक्रीच्या पुढच्या रस्त्यावर
पोट घासणार नाही इतकी उंच.

देवचंद सोनगीरचा. बापानं जन्मभर हंडे ठोकले.
त्यानं बोटाच्या पेरानं दार वाजवलं. ठण्ण.
दुसरं, ठण्ण.
मागचं डावं,
थप्प.
"आठे पुट्टी शे," म्हणाला, न रागावता,
भांड्याला पोचा असावा तसं.

मीटर म्हणत होतं बेचाळीस हजार.
क्लचचं झिजून गुळगुळीत झालेलं रबर म्हणत होतं, लाख.
मालक दंगलआप्पा म्हणत होते,
फक्त लग्नाकार्याला काढतो.
इतकी लग्नं कोणाच्या घरी असतात?

गाडी गार असताना सुरू करायची,
तेव्हाच ती खरं बोलते, हे मी ऐकून होते.
बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन उचलला.
हा चटका इंजिनाचा की उन्हाचा?
देवचंदनं ठेवला. मग आप्पांनीही ठेवला,
स्वतःच्याच गाडीवर, जणू त्यांनाही माहीत नव्हतं.
तिघांचे तळवे लाल, आणि पुरावा काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला, न कळवता, फाटकाशी.
आप्पा अंगणात बाजेवर, जागेच. कपाळाला बाम.
काही न विचारता किल्ली दिली.
पत्रा गार. वर रात्रीची धूळ.
एकदा खोकली.
दुसऱ्यांदा खोकली.
तिसऱ्यांदा लागली, आणि पांढरा धूर
घरं ओलांडून पांझरेकडे गेला.

"सकायले तीनदा मारनं पडस," आप्पा म्हणाले.
"काल कोनी इचारंच नही."
आणि मीटर?
ते विजेच्या खांबाकडे बघत राहिले.
"ते मन्हा पोऱ्यानी…"
वाक्य तिथंच बंद पडलं. कोणी धक्का दिला नाही.

इंजेक्टर गयात, देवचंद म्हणाला, बावीस हजार.
मी बावीस कमी करा म्हटलं, आप्पा पंधरा म्हणाले,
अठरावर चहा आला.

आता रोज शाळेला तीच नेते.
पहिल्या किल्लीला लागते, तरी निघताना
बॉनेटवर हात जातोच.
पेडलचं रबर बदललेलं नाही.
परवा शेवाळीजवळ मीटर पन्नास हजारांवर आलं.
मी त्याला म्हटलं,
बरं, असू दे.