रूम टोन

दसरा चौकाजवळच्या सभागृहात, रविवारी,
साडेदहाला म्हणून सव्वाअकराला
स्वतंत्र सिनेमाचं भवितव्य सुरू झालं.
फलकावर शेवटचा 'व्य' जरा दुमडलेला,
कापड कमी पडलं असेल.

मी मागं बसले. आवाजवाल्यांनी मागंच बसावं,
भिंत काय परत देते ते तिथं कळतं.

पहिले वक्ते पुण्याचे. प्लॅटफॉर्म म्हणाले, मग परत प्लॅटफॉर्म,
इतक्यांदा की वाटलं, गाडीच लागायची राहिलीय.

मग निपाणीची प्रणोती.
तंबाखूच्या वखारीतल्या बायकांवर चाळीस मिनिटं.
तीन वर्षं, आईच्या दोन पाटल्या.
बघितलं कुणी?
"त्या बायकांनी. दोनदा.
पहिल्यांदा आपापल्याला बघितलं,
दुसऱ्यांदा एकमेकींना."
टाळ्या पडल्या नाहीत. पंखा ऐकू आला.

शेजारी दस्तगीरमामा. एकतीस वर्षं ऑपरेटर,
त्यांच्या टॉकीजच्या जागी आता शालू विकतात.
ते भाषण ऐकत नव्हते, डोकी मोजत होते.
"एकसष्ट," म्हणाले. "आणि पुढची रांग मोकळी.
आमच्यात ती आधी भरायची, पोरी. स्वस्त होती."
इथं ती पाहुण्यांना राखीव,
आणि पाहुणे कराडपाशी अडकलेले.

दुपारी आवाज चढले. अनुदान. ओटीटी.
कोण विकला गेला,
कुणाला कुणी विकतच घेतलं नाही.
माइक दोनदा किंचाळला. तिसऱ्यांदा मी उठले.

म्हटलं, मला या खोलीची शांतता हवी.
शूटिंग संपलं की घेतो आम्ही. तीस सेकंद.
कापलेल्या जागांत भरायला लागते,
नाहीतर दोन वाक्यांच्या मध्ये भोक पडतं.

सुरुवातीला दाबलेलं हसू. एक खोकला.
बाहेर केएमटी वळली.
सकाळपासून गुणगुणणारी ट्यूबलाइट
आत्ता कुठं सगळ्यांना भेटली.
श्वास एका चालीवर येतायत असं वाटलं
आणि एकविसाव्या सेकंदाला मागच्या दारातून:
"तांबडा आधी वाढू का पांढरा?"

ते मी कापलं नाही.

रात्री इचलकरंजीला, शेजारचे माग बंद झाल्यावर,
हेडफोन लावले.
त्या प्रश्नाला नऊ सेकंद कुणीच उत्तर दिलेलं नाही.
फक्त चपला. माझ्यापासून लांब लांब जाणाऱ्या.
मी तेव्हा डोळे मिटून उभी होते.
मग अगदी शेवटी, पार पुढं,
एक खुर्ची करकरते.