लेडबरीतले उंट

तिसऱ्या मंगळवारी, पायाची जखम धुताना
मिस्टर प्रीस म्हणाले, रात्री उंट आला होता.
उंट. स्वच्छ. आमच्या सोलापुरात म्हणतात तसं.
मी मान हलवली, पट्टी गुंडाळली
आणि फायलीत लिहिलं:
भास होतात. वय एक्याण्णव. डॉक्टरांना कळवावे.

मुलगी बर्मिंगहॅमहून आली होती, भांडी विसळत होती.
"मोल म्हणा ना, बाबा. कुणाला कळतं आता ते?"
"त्याला कळतं," म्हातारा म्हणाला.

मागचं दार ढकललं तर ओल्या हिरवळीवर
ताज्या काळ्या मातीची
सात कुबडं.
चाळणीतून चाळावी तशी मऊ.
कुबडं वर, उंट खाली,
कुठेतरी सफरचंदाच्या मुळांशी
फावड्यासारख्या हातांनी अंधार मागे सारत,
ओंजळीत मावेल एवढा, मखमली,
डोळे खसखशीचे, तेही बहुधा नावापुरते.

बॉलपेनचं खोडता येत नाही, नियम आहे.
एक रेघ मारायची, खाली सही करायची.
मी मारली. खाली लिहिलं: उंट आहे. कुबडं मोजली.

निघताना त्यांनी विचारलं,
तुमच्याकडे असतात का उंट?

असतात की, म्हटलं. घराच्या छपराएवढे.
झाडांचे शेंडे खातात. माणसं पाठीवर बसतात.

मिस्टर प्रीस माझ्याकडे बघत राहिले
आणि मग, अगदी हळू,
मी हलवली होती तशी
मान हलवली.