एक खिडकी

मालकांचं म्हणणं सरळ होतं :
"सात ठिकाणी सात वेळा कशाला उघडायचं?
एकच कर की. एक चित्र, एक पासवर्ड."
आणि चहा बशीत ओतता ओतता,
"इथं दिवसाला चारशे चादरी विणतो बे आपण,
तुला एवढं जमंना?"

सात टॉवेल शिवून चादर होत नाही, मालक.
हे मी मनात म्हटलं.
अक्कलकोट रोडला मे महिना, कूलर कोरडा,
यूपीएस दर अर्ध्या मिनिटाला टिवटिवत होता.

सातही माझेच.
पहिला सुताच्या गठ्ठ्यांचा, बाविसाव्या वर्षी लिहिलेला,
त्यात सगळ्याचं नाव टेम्प, टेम्प-एक, टेम्प-दोन.
टेम्प-दोनमध्ये काय आहे हे आता
मलाही विचारू नका.
दुसऱ्यात रंगाचे हौद, कुठल्या लालात किती पिवळा.
तिसरा हजेरी, चौथा मजुरी.
पाचवा लेबलं छापतो, जोडाक्षर आलं की अडखळतो.
सहावा उचल.
सातवा फक्त भोंगा वाजवतो.

तो राजमल्लू काकांनी हट्टानं मागून घेतला होता.
गिरणीचा बंद पडला तेव्हापासून
वेळ कळंना म्हणाले, भिंतीवर घड्याळ असून.
आवाज कुठून आणू, म्हटलं,
तर तळहात तोंडाशी धरून
स्वतःच माइकात भोंगा काढला.
शेवटी ठसका लागला. तोही आत राहिला.

तर, एक करायला बसलो.
वाटलं होतं रंग अडवतील, नाहीतर टेम्प-दोन.
अडवलं एका बाईनं.
हजेरीत ती टोकन एकशे चौदा.
मजुरीत नरसव्वा चि.
उचलीत नुसतं 'शिलाईच्या काकू'.
बारा वर्षं एकाच कॉम्प्युटरात राहून
या तिघींची कधी गाठ पडली नव्हती.
मी त्यांना एका ओळीत बसवलं
आणि बेरीज चुकली.

पुन्हा केली. पुन्हा चुकली.
मग जेवणाचा डबा तसाच ठेवून
मागं मागं गेलो.
तीनशेचा हप्ता मजुरीतून कापला जात होता,
आणि तोच हप्ता उचलीतूनही.
चौथ्याला सहावा माहीत नव्हता,
सहाव्याला चौथा.
दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.
एकोणीस महिने.

मशीनवर टॉवेलची कड मारत होती ती,
डोक्यावर पदर, पदरावर कापसाचा भुगा.
सांगितलं. पाच हजार सातशे, काकू.
तिनं पायडलवरचा पाय काढला नाही.
"कळलं होतं की जास्त जातंय.
मला वाटलं, व्याज असंल."

मालक बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.
"एक कर म्हणालो होतो," ते म्हणाले,
"हे काढ म्हणालो नव्हतो."
मग चष्मा पुसला. "अजून किती?"
एक्केचाळीस.

त्यावर ते काही बोलले नाहीत.
गोदामाकडे गेले, की घरी, माहीत नाही.

रात्री मी नव्या पडद्यावर बटणं मांडली :
सूत, रंग, हजेरी, पगार, लेबल.
उचलीचं वेगळं बटण ठेवलं नाही, ती पगारातच.
आणि सगळ्यांच्या वर, कुणी मागितलं नसताना,
एक्केचाळीस नावांची यादी,
पूर्ण नावं, आडनावांसकट.
ती ओलांडल्याशिवाय पुढं जाता येत नाही.
फार सुबक नाही झालं. पहिल्यांदा उघडायला
वीस सेकंद लागतात.

भोंग्याला मात्र कुठंच जागा सापडंना.
तो हजेरीत बसत नाही, पगारात तर नाहीच.
जुने काढून टाकू का, असं विचारलं तेव्हा
सहा वेळा 'होय' दाबलं.

आज गुरुवार. यादी अजून तिथंच आहे,
नऊ नावांपुढं खूण झालीय, मालकांच्या हातची.
साडेपाच वाजले.
शेडमध्ये राजमल्लू काका लांबलचक ओरडले,
ठसकले,
आणि बायका मशीनवरून उठल्या.