प्रॉम्प्टरची जागल

डोमाजीच्या बांदीत धान पिवळं पडलं
आन मले जागलीचं काम लागलं.
तुकेशनं मोबाईल भोंग्याले जोडून दिला :
"मामा, गाणे नको लावू, डुकरं गाण्याले सरावले.
पुस्तकं लाव. माणूस वाचून दाखवते."

तर पुस्तकं लावतो. सांगतो कोणतं कसं.

राजा-महाराजांची कादंबरी वाचणारा जो आहे
त्याच्या घशात बारा महिने लढाई.
राजानं पाणी मागितलं तरी
किल्ला मागितल्यासारखं मागते.
डुकरं पळतेत, हे कबूल.
पण बोडीवरचे बदकंही उडतेत,
आन मले वाटते, बाप्पा, बस जरा,
तूच घोटभर पी.

खुनाची गोष्ट सांगणारा कुजबुजते.
भोंग्यातून कुजबुज!
पलीकडच्या माळ्यावरून सोमा नेवारे ओरडला,
"कोण मेला ते जोरात सांग ना बे!"
खुनी मी चौथ्या भागातच ओळखला.
दिवाणजी आला का वाचणाऱ्याचा आवाज
उगाच गोड होत होता.
असं करू नाई.
शेवटचं पान वाचलेलं असलं तरी
पहिल्या पानावर अडाणीच बसलं पाहिजे.

प्रेमाच्या गोष्टीत एकच गडी दोघांचं बोलते,
बाईच्या वाक्याले नाक दाबते.
आमच्या मंडळात रतिराम बाईचं काम करे,
मिशी काढल्याचा हिरवा डाग ओठावर,
आवाज त्याचा स्वतःचाच, बैलाले हाक मारायचा.
फक्त वाक्य संपायच्या आधी
अर्धा श्वास सोडून देई.
पुढच्या बायका पदर डोळ्याले लावत.

भुताचं पुस्तक मी दिवसाच ऐकतो.
त्यात वाचणाऱ्यापेक्षा मागचं दार जास्त वाजते.

आन यशस्वी कसं व्हावं ते सांगणारा,
तो प्रत्येक वाक्याच्या मागं हसते.
तीनदा म्हणाला, पहाटे चारले उठा.
अरे, मी झोपलो कुठी?
त्या रात्री डुकरांनी अर्धी बांदी खाल्ली.
त्यायले पटलं असेल.

हे सगळं मी बोलतो
कारण सव्वीस हंगाम मी विंगेत बसलो,
मांडीवर वही, डोक्यावर चाळीसचा बल्ब.
नटाची जीभ अडखळली का शब्द पुढं सरकवायचा,
त्याच्यापुरता, प्रेक्षकाले नाई.
माझा आवाज कोणी ऐकला नाई.
ऐकला असता तर मले काढलं असतं.

आता एक बाई आहे.
एका नर्सबाईचं आयुष्य वाचते.
रडायच्या जागी रडत नाई,
भाजीचा भाव सांगावा तशी मरण सांगते.
कधी गिळते. एकदा पान उलटल्याचा आवाज आला,
कापायचा राहून गेला असेल,
मले तो सगळ्यात आवडला.

काल अकराव्या भागात म्हणाली,
"त्या रात्री वॉर्डात मी होते, आणि..."

आन थांबली.

मी मनात मोजलं. एक. दोन. तीन.
रंगमंचावर तीन म्हणजे विसरला.
हाताले सवय,
भोंग्याकडं वाकलो आन हळूच दिलं :
"भीती."

तिनं घेतलं नाई.
"चहा," म्हणाली. "गार झालेला."

मी बसून राहिलो.
सव्वीस वर्षांत मी कोणाले
चुकीचा शब्द दिला नव्हता.
मंग भोंग्याची तार काढली,
मोबाईल कानाले लावला, कानटोपीच्या आत,
तिले पुढं वाचू दिलं.
धुऱ्याकडं खसफस झाली.
टॉर्च उशालाच होता.

सकाळी डोमाजी म्हणे,
"भोंगा काऊन बंद होता रात्री?"
म्हटलं, बॅटरी उतरली.

उतरली नव्हती.