खिडकी क्रमांक तीन

चार महिन्यांत मी एवढंच शिकले:
माणसाकडे न बघता
त्याच्या हातातला कागद कसा ओढून घ्यावा.

फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना आहे.
बहुतेकजण तिथं 'खाणकामगार' लिहितात,
मग काचेतून विचारतात, खोडू का?
बोगुमिलनं विचारलं नाही. खोडलंही नाही.

आमच्या खाणीत प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला असायचा.
पाळी संपवून वर आलं की तो खुंटीला लावायचा.
खुंटीवर बिल्ला, म्हणजे माणूस वर आला, जिवंत आहे.
शेवटच्या दिवशी बोगुमिल वर आला
तोवर खुंट्यांची फळी भंगारवाल्यानं उखडून नेली होती.
चौदाशे सात नंबरचा बिल्ला तो खिशात घेऊन घरी गेला.
तो वर आल्याची नोंद
अजून कुठंच नाही.

कोळसा संपला म्हणावं, तर तसंही नाही.
तो खाली आहे, थरांवर थर,
बोगुमिलला तोंडपाठ.
संपला तो कोळशाचा भाव.
समुद्रापलीकडून येणारा कोळसा
बोटीचं भाडं धरूनही स्वस्त पडतो म्हणे.
वॉर्साहून तिघं आले, कॅन्टीनमध्ये बीटाचं सूप प्यायले,
एक तक्ता दाखवला. रेघ खाली खाली जात होती.
ते खोटं बोलत नव्हते,
त्यामुळं भांडायला कुणी सापडलं नाही.

फळ्यावर शब्द लिहिला होता: पुनर्रचना.
रचना काही आली नाही.
'पुन्हा' तेवढं उरलं.
पुन्हा या. पुढच्या मंगळवारी या.

बेकरी आता पहाटे चारला उघडत नाही,
पहिल्या पाळीला जाणारं कोण आहे?
पण जाग चारलाच येते सगळ्यांना.
खिडक्याखिडक्यांत दिवे लागतात
आणि गाव नुसतं बसून राहतं.
न्हाव्याकडे उधारी. दारूच्या दुकानात उधारी नाही,
तिथं रोख लागते, आणि ती कुठून तरी येते.
रस्त्यावरच्या गटारांची लोखंडी झाकणं रात्रीतून गेली.
शाळेत दुसरीच्या वर्गाबाहेर
कोट अडकवायला एकतीस खुंट्या, कोट एकोणीस.

बोगुमिलची हलिना ड्रेस्डेनला असते,
कुणाच्या तरी वडिलांना अंघोळ घालते.
पैसे येतात. रविवारी फोन येतो.
इवोनाची वेणी आता बोगुमिल घालतो,
पाळण्याच्या दोराला गाठ मारावी तशी, घट्ट.
बाई विचारतात, डोकं दुखतं का गं?
ती नाही म्हणते.

गावामागच्या बर्चच्या रानात
माणसं उंदरासारखी बिळं खणतात.
बादली, दोर, खाली एक, वर एक.
इवोनाला ज्या बाबागाडीतून फिरवली
तिच्यात आता दोन पोती कोळसा बसतो,
एक चाक कुरकुरतं, लांबून कळतं कोण येतंय.
फेब्रुवारीत दोन पोरं आत राहिली.
त्यांचं नाव आमच्या यादीतून काढताना
कारणाच्या रकान्यात लिहायला काही नव्हतं.
मी 'गैरहजर' लिहिलं.

माझ्या शेगडीतही तोच कोळसा जळतो.
निम्म्या भावात मिळतो.
सांगून ठेवते.

नियम असा, की काम करताना आढळला
तर भत्ता बंद.
मंगळवारी बोगुमिलनं काचेखालून कागद सरकवला
आणि त्याची नखं दिसली.
तळाशी काळी. ताजी काळी.
मागं रांग होती. साहेब दारात उभे होते.
"थंडी फार आहे," तो म्हणाला.
"हात धुऊन येत जा," मी म्हणाले,
आणि शिक्का मारला.

पुढच्या मंगळवारी तो हातमोजे घालून आला.
जाड, लोकरीचे. हलिनानं पाठवलेले असतील.
त्याला पेन नीट धरता येईना,
सही रकान्याबाहेर गेली.
मी ती चालवून घेतली.