फ्रीजमध्ये बूट

आमच्या गेरचं दार दक्षिणेकडे,
आजोबांच्या आजोबांपासून;
त्यामुळे पॅनेलला दिशा शिकवावी लागली नाही.
परवाच्या वादळात एक शेळी त्याच्यावर चढून उभी राहिली
आणि काचेला कोपऱ्यापासून भेग गेली.
तरी वीज येते,
माझ्या गुडघ्यांसारखी:
चालतात, पण आधी विचारावं लागतं.

बॅटरी जुन्या ट्रकची.
सेवेगमिदनं ती देवांच्या शेजारी ठेवली,
उत्तरेच्या मानाच्या जागी.
थोरले दीर दोन दिवस चहाला आले नाहीत.
तिसऱ्या दिवशी आले,
फोन चार्जिंगला लावायला.

दिवसभराचं ऊन म्हणजे किती,
ते मी आता बोटांवर सांगते.
एक दिवा, झोपेपर्यंत.
रेडिओवर हवामान, आणि हवामानानंतरचं एक गाणं.
दोन फोन, नाहीतर एकच फोन
आणि टीव्हीवरच्या कुस्तीची शेवटची फेरी.
ढग आले तर गाणं जातं.
धूळ आली तर कुस्ती.
दिवा मी कुणाला देत नाही.

सकाळी लाकडी पळीनं
आकाशाला दूध शिंपडते, आई शिंपडायची तसं.
वारा असला की निम्मं पॅनेलवर पडतं
आणि मी ते बाहीनं पुसून टाकते,
इकडेतिकडे बघून.
दिलेलं असं पुसावं का,
हे अजून कुणाला विचारलेलं नाही.

मग ओयूनगेरेलनं फ्रीज पाठवला.
शहरातून, हप्त्यांवर,
लोकर न्यायला येणाऱ्या ट्रकमधून,
गादीत गुंडाळून.
पांढराशुभ्र. पाहुणा आल्यासारखे
आम्ही सगळे त्याच्याभोवती बसलो.
तो गुरगुरला. आत दिवा लागला.
दूध ठेवलं, मांस ठेवलं.
बाहेर उणे बावीस होतं.

चाळीस मिनिटं.
मग दिवा गेला, फ्रीज गप्प झाला,
आणि रेडिओ "उद्या पश्चिमेकडून" एवढंच म्हणाला.
पश्चिमेकडून काय,
ते दुसऱ्या दिवशी कळलंच.
त्या रात्री मात्र तपकिरी शेळी अडली होती.
अंधारात कोपरापर्यंत हात घातला:
हा पाय, हा नव्हे, हे नाक.
सेवेगमिद काडीमागून काडी ओढत होता,
मी म्हटलं, राहू दे, वाऱ्याला कशाला देतोस.
करडू जगलं. कानाला थोडं वाकडं आहे.

टेकडीवर चढलं की सिग्नल मिळतो.
ओयूनगेरेल विचारायची, चालतोय ना?
मी म्हणायचे, चालतोय.
अगदीच खोटं नव्हतं.
दार चालत होतं, चुंबकाचं, घट्ट;
वाळूचा कणही आत जात नव्हता.
अख्ख्या गोबीत तेवढी एकच जागा असेल.

उन्हाळ्यात ती आली,
धुळीनं पांढऱ्या पापण्या,
आल्या आल्या थंड पाण्यासाठी फ्रीज उघडला.
वरच्या कप्प्यात वाळवलेलं दही, उंटाची वेसण,
मधल्यात आमचे चौघांचे हिवाळी बूट,
आणि दाराच्या आत, अंड्यांच्या खळग्यांत,
मेंढीच्या घोट्याची खेळायची हाडं.
एकेका खळग्यात एकेक,
जणू मापानंच केलेली.

बराच वेळ ती तशीच उभी.
मी चहाच्या भांड्यात उगाच पळी फिरवत राहिले.

"सात हप्ते राहिलेत," ती म्हणाली.

मग आपले शहरातले टाचांचे बूट काढले,
आतली वाळू उंबऱ्याबाहेर झटकली
आणि खालच्या कप्प्यात,
भाजीच्या जागी,
शेजारी शेजारी ठेवले.