हजेरी क्रमांक सतरा

नवतप्याचा चौथा दिवस. मानकापूरच्या पुलावर
सकाळी साडेनवालाच सळई हातात धरवत नाही.
मोबाईलवर इशारा आला होता, लाल रंगाचा:
बारा ते चार घराबाहेर पडू नका.
ठेकेदारानं तो सगळ्यांना पुढं पाठवला
आणि खाली लिहिलं, स्लॅब आजच.

मी हजेरी लिहितो. सावली माझ्या टेबलापुरती.

सतरा नंबर, सुगरता इनवाते, गाव देवलापारच्या पलीकडे,
टोपलं खाली ठेवून टँकरकडे बघत उभी.
टँकरखालच्या ओल्या मातीत एक कुत्रं
नखांनी खड्डा उकरत होतं, पोट टेकायला.
वर घारही नाही.
"बाबू, आज दहाच्या पुढं नाही होत."
मी म्हटलं, मले काय सांगतं, साहेबाले सांग.
तिनं साहेबाला सांगितलं नाही.
बायांना सांगितलं.

मग जे झालं त्याला संप म्हणता येणार नाही.
गाठोड्यातून पळसाची पानं निघाली,
मला वाटायचं ती पत्रावळींसाठी आणतात.
पत्र्यावर पानं, पानांवर ओलं पोतं,
खाली वाळूत हातभर खोल खड्डे, कुत्र्यानं केले तसेच.
मी हसलो. दुपारी त्यातल्याच एकात मीही पडून होतो.

बालाघाटचा दीपचंद मात्र वरच राहिला,
एकोणीस वर्षांचा, दुप्पट रोजीच्या आशेनं.
सव्वाबाराला उतरला तो हसत,
भलतंच काही बोलत, अंग कोरडं ठक्क.
"घाम थांबला याचा!"
सुगरताचा आवाज मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला.
मानेला, बगलेत, जांघेत ओले गमछे.
शुद्ध येईतो तोंडात पाणी ओतू दिलं नाही कुणाला.
आली, तेव्हा तुंब्यातली पेज,
कोदोची, आंबूस, मिठाची, घोटघोट.
वाळक्या भोपळ्याचं ते कवच,
बाहेर सत्तेचाळीस, आत विहीर.
अ‍ॅम्ब्युलन्स पाऊण तासानं पोचली.
तिला दोष नाही, रस्ता आम्हीच खोदलेला.

"कुठे शिकलात हे?" डॉक्टरनं विचारलं.
तिनं तीन नावं सांगितली.
एक वीटभट्टीवरचं, एक तेंदूच्या फडावरचं,
एक तिच्या थोरल्या पोरीचं.
डॉक्टर लिहून घेत होता, मग थांबला.

त्या दिवशी मी सगळ्यांची पूर्ण हजेरी लावली.
ठेकेदारानं लाल शाईनं अर्धी केली,
इशाऱ्याचाच लाल.

पावसाआधी गावी निघताना तिनं तुंब्याच्या बिया दिल्या,
माझ्याच वहीच्या फाटक्या पानात बांधून.
"हिवाळाभर वेलावरच वाळू दे, बाबू.
हालवून पाह्यजो.
बिया वाजल्या, का झाला."

तिसऱ्या मजल्यावर, खिडकीच्या ग्रिलला, एकच धरलाय,
वाकडा, कमरेशी अरुंद.
साइटवर जाताना रोज कान लावून हलवतो.
अजून हिरवा आहे.
वाजत नाही.